आकडा खोटा, की आकडाच नाही?

दंडावर साखरेचा सेन्सर लावला की एक शंका हमखास येते: उशाशी मोबाईल आणि शेजारी वाय-फायचा राउटर असेल, तर आकडा बिघडेल का? माझे म्हणणे असे की घरातल्या लहरींनी आकडा सहसा खोटा होत नाही. अडथळा आलाच, तर आकडा फोनपर्यंत पोचत नाही. आपण भितो पहिल्या बिघाडाला, घात करू शकतो दुसरा.

भीती निराधार मात्र नाही. कातडीखाली जेमतेम पाच मिलिमीटर शिरलेल्या तंतूवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर असते. पेशींभोवतीच्या द्रवातल्या साखरेवर त्याची क्रिया झाली की इलेक्ट्रोडमधून वीज वाहते, तीही नॅनोअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या अब्जाव्या भागांत मोजावी लागणारी. इतका क्षीण प्रवाह वाचणाऱ्या सर्किटला बाहेरची लहर फसवू शकते. जुना जीएसएम मोबाईल रेडिओजवळ ठेवला, तर फोन वाजण्याआधीच रेडिओ टर्रटर्र करू लागे. फोन सेकंदाला सुमारे 217 झटक्यांत लहरी सोडी आणि त्या झेलण्यासाठी न बनलेले रेडिओचे सर्किट त्यांचाच आवाज करून टाकी. मग सेन्सरचे असे का होत नाही? मुख्य कारण लांबीचे. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. तिच्यापुढे हा तंतू अँटेना म्हणून फारच थिटा. मोजणारे सर्किट त्याला लागूनच बसवलेले, त्यामुळे लहरी गोळा करणारी लांब वायर मध्ये नाही. शिवाय आयईसी 60601-1-2 या मानकानुसार घरी वापरायच्या वैद्यकीय उपकरणांवर मीटरला 10 व्होल्ट तीव्रतेच्या लहरी सोडून आणि हवेतून 15 किलोव्होल्टची ठिणगी पाडून पाहतात. सिंथेटिक स्वेटर काढताना तडतडते, ती याच जातीची ठिणगी.

इतिहास थोडक्यात सांगायचा तर 1962 मध्ये लेलँड क्लार्क यांनी विकराच्या इलेक्ट्रोडची कल्पना मांडली. 1999 मध्ये अमेरिकेत साखर सलग मोजणाऱ्या पहिल्या यंत्राला मान्यता मिळाली, पण त्याचे आकडे डॉक्टरांनाच आणि तेही मागाहून दिसत. आकडे फोनपर्यंत नेणारे ब्लूटूथ नंतर आले आणि खरा कच्चा दुवा तिथेच आहे. ब्लूटूथ, वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हन एकाच 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात दाटी करतात. तरीही प्रत्येक संदेशासोबत पडताळणीचा सांकेतिक आकडा जातो. वाटेत मोडतोड झालेला संदेश फोन टाकूनच देतो. म्हणून 140 चे 40 होत नाहीत, पडदा कोरा राहतो. पण पहाटे तीनला साखर उतरत असताना पडदा कोरा असेल, तर कमी साखरेचा गजरही वाजत नाही. नोव्हेंबर 2019 च्या शेवटी डेक्सकॉम या सेन्सर बनवणाऱ्या कंपनीची फॉलो ही सेवा बंद पडली आणि दूर बसून मुलांची साखर पाहणाऱ्या आईवडिलांपर्यंत इशारे पोचेनात. दोष सर्व्हरचा होता, लहरींचा नव्हे. शांतता मात्र तीच. म्हणून ‘सिग्नल गेला’ हा गजर कटकटीचा वाटला तरी बंद करू नये, असे मी आग्रहाने म्हणेन.

यावर आक्षेप येईल की रात्री आकडा अचानक खोटाच उतरलेला अनेकांनी पाहिला आहे, त्याचे काय? सेन्सरच्याच कुशीवर झोपले की दाबामुळे तिथल्या द्रवाचा पुरवठा मंदावतो आणि साखर कमी नसतानाही कमी दिसते. त्याच कुशीवर शरीरातले पाणी ब्लूटूथची लहरही शोषते, म्हणून सिग्नलही तुटतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या की संशय बिचाऱ्या उशाशेजारच्या फोनवर येतो. कूस बदलल्यावर आकडा सावरला, तर फोन निर्दोष समजावा. घराबाहेर अपवाद आहेतच: एमआरआयचे दीड-तीन टेस्लाचे चुंबक आणि डायथर्मीचा शेक. तिथे त्या-त्या सेन्सरच्या पत्रकातली सूचनाच पाळावी, कारण सगळ्या मॉडेलांची सूचना सारखी नसते.

आकडा बिनबोभाट खोटा करतात ती रसायने. इलेक्ट्रोडवर साखरेसारखीच वीज तीही देतात. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने काही सेन्सर साखर चढी दाखवतात. जुन्या काही सेन्सरना पॅरासिटामॉलही फसवत असे. विदर्भात सिकलसेलच्या रुग्णांना दिले जाणारे हायड्रॉक्सियुरिया डेक्सकॉमच्या सेन्सरवर साखर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवते, आणि त्या आकड्यावर इन्शुलिन घेतले तर साखर धोकादायक उतरू शकते. फोन दुसऱ्या खोलीत नेऊन इथे काहीच साधत नाही. असे औषध चालू असेल तर डॉक्टरांना सांगून बोटाच्या रक्तावरच साखर तपासावी लागते.