दोन जिल्हे, एक साचा आणि अर्जातला ४

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांची सरकारी संकेतस्थळे शेजारी शेजारी उघडा. मजकूर ज्याचा त्याचा : तिकडे हुजूर साहिब, इकडे खरोसा लेणी. पानांची ठेवण मात्र सख्ख्या भावंडांसारखी. दोन्ही स्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एसथ्रीवास’ या सामायिक व्यवस्थेवर उभी आहेत.

अशा व्यवस्थेत वरची पट्टी, मेनू, तळटीप हा भाग साच्यात एकदाच लिहिलेला असतो. पान मागितले की सर्व्हर साच्यातल्या मोकळ्या जागी त्या त्या पानाचा मजकूर भरतो आणि तयार एचटीएमएल ब्राउझरकडे धाडतो. मेनूत दुरुस्ती करायची तर एकाच फाइलला हात लावावा लागतो.

नुसत्या वाचायच्या पानाचे एवढ्यावर भागते. अर्ज आला की माहिती उलट दिशेने येऊ लागते, आणि लोक काय टाइप करतील याचा नेम नसतो. नांदेडच्या कुणी मराठी कळफलकावरून पिनकोड भरला : ४३१६०१. आकडा अगदी बरोबर, तरी ‘वैध पिनकोड टाका’ अशी लाल ओळ येऊ शकते. कारण युनिकोडमध्ये इंग्रजी चारचा क्रमांक ५२ आणि देवनागरी ४ चा २४१० आहे. तपासणीचा नियम फक्त इंग्रजी अंकांसाठी लिहिला असेल, तर संगणकाच्या लेखी हा आकडाच नव्हे.

उपाय सोपा आहे. देवनागरी शून्य ते नऊ हे अंक २४०६ ते २४१५ असे ओळीने बसवलेले आहेत. प्रत्येकातून २३५८ वजा केले की त्याच किमतीचा इंग्रजी अंक मिळतो. हे रूपांतर आणि त्यानंतरची तपासणी सर्व्हरवर व्हायला हवी. ब्राउझरमधली तपासणी अर्जदाराला चूक लगेच दाखवते, पण ती कुणालाही बंद करता येते. तिच्यावर विसंबून चालत नाही.

हा कोड प्रत्येक अर्जात वेगळा लिहिला, तर एखाद्या अर्जात राहून जाणारच. अर्ज हाताळणाऱ्या सामायिक भागात ठेवला, तर नांदेडसाठी केलेली दुरुस्ती लातूरचा ४१३५१२ सुद्धा स्वीकारते. अर्थात चूकही तितक्याच झपाट्याने दोन्हीकडे पोहोचते. म्हणून सामायिक कोडमध्ये बदल केला, की तो सर्वांसाठी खुला करण्याआधी दोन्ही पिनकोड दोन्ही लिप्यांत भरून पाहावेत.