फोटोत न दिसणारी माणसं

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी दोन दिवस एका फोटोशूटवर मदतनीस म्हणून काम केलं. बेळगावातल्या एका साडी-व्यापाऱ्याचा कॅटलॉग होता आणि शूट शहापूर भागातल्या एका जुन्या वाड्यात होतं. माझी समजूत अशी की फोटोग्राफर, मॉडेल आणि एक चांगला कॅमेरा असला की झालं. सकाळी सहाला वाड्यात पोचले, तर आत नऊ माणसं कामाला लागलेली आणि फोटोग्राफर अजून यायचाच होता! ही माणसं नेमकं काय करतात, ते मला तिथे कळलं. तेच इथे सांगते.

सगळ्यात आधी काम सुरू होतं ते प्रॉडक्शनवाल्यांचं. आमच्याकडे ही जबाबदारी एका ताईंकडे होती. वाड्याच्या मालकांची परवानगी, विजेचा लोड किती झेपेल याची चौकशी, जेवण, गाड्या हे सगळं त्यांनी आधीच उरकलं होतं. आदल्या रात्री त्यांनी सगळ्यांना एक कागद पाठवला. त्याला कॉलशीट म्हणतात. कोणी किती वाजता यायचं आणि कोणती साडी कितव्या नंबरला, हे त्यात असतं. मॉडेल आणि मेकअपवाल्या ताई सगळ्यात आधी, कारण मेकअप-केस यातच दीड-दोन तास जातात. सकाळचं कोवळं ऊन काही कोणासाठी थांबत नाही.

मग स्टायलिस्ट. साडी नेसवणं हा तिच्या कामाचा एक भाग झाला. फोटोत समोरून नीट बसलेला दिसणारा ब्लाउज मागून क्लिपा लावून आवळलेला असतो. दागिने आणि चपला बऱ्याचदा दुकानातून उसन्या आणलेल्या असतात, म्हणून चपलेच्या तळाला चिकटपट्टी लावतात. परत करताना ओरखडा दिसायला नको! पदरामागे किती पिना आहेत ते मी मोजायला घेतलं आणि सोळाव्या पिनेनंतर सोडून दिलं.

कोपऱ्यात इस्त्रीवाले चाचा वाफेची इस्त्री घेऊन दिवसभर उभे. रेशमाला उलट्या बाजूने, बेताची उष्णता. मी विचारलं, एवढी बारीक सुरकुती कोणाला दिसणार? ते म्हणाले, “पोरी, डोळ्याला दिसत नाही ती कॅमेऱ्याला दिसती. गिऱ्हाईकाला साडी जुनी वाटती मग.”

उजेडाचं काम लाइटवाल्या दादांचं. आपल्याला वाटतं की लाइट लावला की उजेड झाला. प्रत्यक्षात अर्धं काम उजेड अडवण्याचंच असतं. भर दुपारचं ऊन चेहऱ्यावर पडलं की डोळ्यांखाली काळ्या सावल्या येतात. म्हणून वर पांढरं कापड ताणून ऊन मऊ करायचं, थर्माकोलच्या पांढऱ्या पत्र्याने सावलीत थोडा उजेड परतवायचा आणि नको तिथला उजेड काळ्या कापडाने कापायचा. नाताळचा गोठा करताना आम्ही गवताआडून वायरी फिरवतो तेव्हा मला वाटायचं, आपल्याला प्रकाशातलं फार कळतं. दादांच्या शेजारी उभं राहिल्यावर तो भ्रम गेला.

कॅमेऱ्याला वायरने जोडलेल्या लॅपटॉपपाशी एक मुलगी बसली होती. प्रत्येक फोटो लगेच पडद्यावर मोठा करून फोकस आणि रंग बघायचा, ही तिची जबाबदारी. प्रत्येक साडीच्या सुरुवातीला मॉडेलच्या हातात एक करडं कार्ड देऊन एक फोटो घेतात. त्या करड्यावरून बाकीचे रंग जुळवता येतात. शहापूर, वडगाव, खासबाग हे आपल्याकडचे विणकरांचे भाग. तिथल्या एखाद्याने जो जांभळा विणला, तोच गिऱ्हाईकाच्या मोबाइलवर दिसायला हवा. नाहीतर साडी परत येते आणि नुकसान बिचाऱ्या विणकरापर्यंत पोचतं. दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर प्रती झाल्याशिवाय ती मुलगी कॅमेऱ्याचं कार्ड कोणाला पुसू देत नव्हती.

आता माझी चूक सांगते. दुसऱ्या दिवशी दादांनी मला सांगितलं, लाइटच्या स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेव. तेवढ्यात कोणीतरी पाणी मागितलं, मी आधी पाणी आणायला पळाले. सॉफ्टबॉक्स म्हणजे कापडाची मोठी पेटी, वारा लागला की ती शिडासारखी फुगते. चौकात वाऱ्याचा एक झोत आला आणि स्टँड थेट मॉडेलच्या दिशेने कलला. दादांनी झेप घेऊन तो हातावर झेलला. त्यांचा हात कोपरापर्यंत खरचटला. ते कोणासमोर मला एक शब्द बोलले नाहीत. हात धुतला आणि पुढचा लाइट लावला.

त्यानंतर फोटो रिटचरकडे गेले. शेकड्यांतून निवडक फोटो घेऊन पिना, वायरी, भिंतीवरचे डाग काढणं हे त्याचं काम. महिन्याभराने कॅटलॉग आला. खाली तीन नावं होती: फोटोग्राफर, मॉडेल आणि मेकअप. ज्या फोटोच्या वेळी स्टँड पडला, तोच मुखपृष्ठावर होता.

सिनेमा संपल्यावर चहा देणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं सरकत जातात. फोटोला असा शेवट नसतो, आणि ही गोष्ट आजची नाही. राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) इंदूरहून पुढे आले आणि हैदराबादच्या निजामांचे छायाचित्रकार झाले. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला. पडद्यातल्या स्त्रियांचे फोटो तिथे एक इंग्रज बाई घेत. आज आपल्याला आठवतं ते दीनदयाळांचंच नाव. त्या काळी काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिलीने चेहरे साफ करणारे कारागीरही असत. त्यांना तर कोणी विचारतही नाही.

यात फोटोग्राफरचा मान कमी होतो असं मला म्हणायचं नाही. नेमका क्षण त्यालाच पकडायचा असतो आणि फोटो बिघडला तर बोलणीही त्यालाच बसतात. पण तो क्षण त्याच्यासमोर यावा म्हणून बाकीचे दिवसभर राबत असतात.

या लेखात नाव छापू का, असं मी दादांना फोन करून विचारलं. ते हसले. “नाव कशाला? पुढच्या वेळी वाळूची पिशवी आधी ठेव.”

त्यांच्या इच्छेप्रमाणे नाव छापलेलं नाही. पण मंडळातल्या मित्रमैत्रिणींनो, आपल्या स्नेहसंमेलनाचे फोटो पुढच्या अंकात येतील तेव्हा फोटो काढणाऱ्याबरोबर पडदा धरणाऱ्याचं, दिवे लावणाऱ्याचं आणि इस्त्री करणाऱ्याचंही नाव खाली देऊया, अर्थात त्यांना विचारून. ई-अंकात जागेची अडचण नाही. ती यादी करायचं काम मी घेते.