तेजी-मंदीचा दुहेरी सौदा

मुंब्रा, कल्याण, डोंबिवलीच्या दुकानदार बांधवांनो, ‘स्प्रेडमध्ये तोटा बांधलेला असतो’ हे दलालाचे म्हणणे खरे, पण अर्धेच.

मुंबईच्या बाजारात पूर्वी ‘तेजी’, ‘मंदी’ लावीत. शेअरांवरील असे सौदे १९५६ च्या कायद्याने बंद झाले. २००१ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात ते ऑप्शन म्हणून परतले. तेजीचा कॉल, मंदीचा पुट.

समजा, १०० चा कॉल ६ रुपयांना घेतला, ११० चा २ रुपयांना विकला. खर्च ४. मुदतीअखेर तोटा तेवढाच. पण भाव १३० झाला तरी नफा ६ च. दलाली दोनदा.

सेबीच्या २०२४ च्या अहवालानुसार, आधीच्या तीन वर्षांत वायदा-ऑप्शनमधील १०० पैकी ९३ वैयक्तिक सौदेकरी तोट्यात गेले. जेद्द्याच्या इस्लामी फिक्ह अकादमीनेही १९९२ मध्ये ऑप्शन नाजायज ठरवले.

दुकानाचे भांडवल मालातच शोभते.