हुशार आहे, पण...



माझ्या प्रगतिपुस्तकावरचा शेरा ठरलेला असायचा : ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’ चौथीच्या स्कॉलरशिपला नंबर आला होता, तीसपर्यंतचे पाढे आणि रेल्वेचं टाइमटेबल तोंडपाठ होतं. पण मधल्या सुट्टीची घंटा वाजली की मी कानांवर हात ठेवून बाकाखाली बसायचो. गणिताचं उत्तर बरोबर असायचं, पायऱ्या लिहिल्या नाहीत म्हणून मार्क कापले जायचे. आई म्हणायची, ‘अरे, चारचौघांसारखा वाग ना!’ मी तोच तर प्रयत्न करत होतो.

इंजिनिअर होऊन अमेरिकेत आलो. एकतिसाव्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, हा ऑटिझम आहे.

ऑटिझम म्हणजे बुद्धी कमी असणं नव्हे. समोरच्याच्या मनातलं न सांगता ओळखणं, अचानक झालेला बदल, मोठे आवाज, गर्दी या गोष्टी जड जातात. बुद्धी मात्र कमी, बेताची किंवा फार तल्लखही असू शकते. अशा तल्लख मुलांना इथे ‘ट्वाइस एक्सेप्शनल’ म्हणतात. त्यांची पंचाईत अशी की मार्क चांगले म्हणून त्रास दिसत नाही, आणि त्रास दिसला की हुशारी दिसत नाही. मूल शाळेत दिवसभर कसंबसं सावरून धरतं आणि घरी आलं की दप्तर फेकून रडतं. आपण म्हणतो, लाडावलंय!

इथल्या पालकांनी एवढं जरूर लक्षात ठेवावं. अमेरिकेच्या विशेष शिक्षणाच्या केंद्रीय कायद्यात १९९० पासून ऑटिझमचा स्वतंत्र उल्लेख आहे. पब्लिक स्कूलकडे तपासणीसाठी लेखी अर्ज करा. खर्च शाळा करते. ‘तो पास होतोय की!’ एवढ्याच कारणावरून मदत नाकारता येत नाही. गिफ्टेड मुलांसाठी मात्र केंद्रीय कायद्याची सक्ती नाही, राज्याराज्यात नियम वेगळे. म्हणून आयईपीच्या मीटिंगमध्ये दोन्ही मागा : बसायला शांत जागा आणि गणितात पुढच्या इयत्तेचं काम.

भारतातही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. पण कायदा वर्गापर्यंत पोचवतो तो शिक्षकच. माझ्या बाई वाईट नव्हत्या हो, त्यांना कुणी हे शिकवलंच नव्हतं.

आजचा निधी गावाकडच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी आहे. मंडळी, सढळ हाताने द्या. बाकाखाली बसलेल्या एखाद्या पोराला कुणीतरी वेळेवर ओळखेल.