आजोबांचा डांगी वळू

अहमदनगर जिल्हा म्हटला – २०२४ पासून त्याचें नांव अहिल्यानगर झालें – म्हणजे शहरांतील माणसाच्या मनापुढें दुष्काळ आणि उघडें माळरान उभें राहतें. परंतु याच जिल्ह्याच्या पश्चिम टोंकास अकोले तालुका आहे. तेथें १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाई शिखराची छाया आहे, १९२६ सालीं पुरें झालेलें भंडारदऱ्याचें धरण आहे, आणि दिवस दिवस सूर्य दिसूं नये असा घाटघरचा पाऊस आहे. त्या पावसांत टिकून राहणारी गाईबैलांची एक स्वतंत्र जात येथील माणसांनीं पिढ्यान्पिढ्या सांभाळली. तिचें नांव डांगी.

डांगी जनावर मध्यम बांध्याचें, बहुधा पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके असलेलें असतें. त्याच्या कातडींतून तेलकट स्राव पाझरतो, म्हणून पावसाचें पाणी अंगावर ठरत नाहीं. खूर काळे व टणक असल्यामुळें चिखलांत आणि खडकांत तें सारख्याच भरंवशानें चालतें. भातखाचरांतील चिखलणीस असाच बैल लागतो. दूध मात्र बेताचें. एका वेतांत सरासरी ४३० किलोच्या आसपास.

ही निवड कोणा सरकारी खात्यानें आरंभिली नाहीं. महादेव कोळी, ठाकर, कानडी अशा समाजांतील घरोघरच्या वडीलधाऱ्यांनीं ती केली. म्हणून अशा घरांत आजोबांची आठवण निघाली म्हणजे त्यांच्या वळूची आठवण ओघानेंच येते. गेलेल्या माणसाचें छायाचित्र एखादे वेळीं घरांत नसतें; पण त्यानें कोणत्या गाईचा गोऱ्हा राखला आणि त्या गोऱ्ह्यानें कधीं बक्षीस आणलें, हें नातवंडांस तोंडपाठ असतें. ही केवळ माया नव्हे. आजोबांच्या विद्येचा तो उरलेला अंश आहे.

ती विद्या अशी. एक गाय आपल्या आयुष्यांत फार तर आठ-दहा वासरें देते. एका वळूचीं वासरें मात्र वर्षाला डझनांनीं मोजावीं लागतात. गाय निवडण्यांत चूक झाली तर ती एका गोठ्यापुरती राहते. वळूची चूक गांवभर पसरते. यासाठीं जाणता माणूस गोऱ्ह्याकडे पाहण्यापूर्वीं त्याच्या आईकडे पाही. ती वेळेवर गाभण राहते का, मुसळधार पावसांत चरते का, स्वभावानें गरीब आहे का, हें तो आधीं विचारी. दुसरा नियम असा कीं, वळूच्या स्वतःच्या कालवडी तीन-चार वर्षांनीं माजावर येऊं लागल्या म्हणजे तो वळू त्या गांवांत ठेवावयाचा नाहीं. तो दुसऱ्या गांवीं द्यावयाचा आणि तिकडचा इकडे आणावयाचा. बाप-लेकींच्या संयोगानें वंश दुबळा होतो, असें आजचें शास्त्रही सांगतें.

या विद्येची जाहीर परीक्षा म्हणजे राजूर येथें भरणारें डांगी जनावरांचें प्रदर्शन. तेथें जनावराचें वय दांतांवरून ठरतें. दुधाचेच दांत असलेला तो आदत. मग दोन दांती, चार दांती, सहा दांती, आणि आठही कायमचे दांत आलेला तो जुळलेला. रंगविलेलीं शिंगें आणि घुंगरमाळा बघ्यांसाठीं असतात. परीक्षकाची नजर वशिंड, पोळी, कातडी, खूर आणि चाल यांवर असते. पहिल्या आलेल्या वळूस मान मिळतो. त्याहून महत्त्वाचें म्हणजे आसपासचे गुरें राखणारे त्याचा वंश मागावयास येतात. बक्षीसामागें खरा अर्थ हा आहे.

आतां चित्र पालटलें आहे. याच जिल्ह्यांत राहुरी येथें १९६८ सालीं महात्मा फुले कृषि विद्यापीठ स्थापन झालें, आणि तेथें गीर, जर्सी व होल्स्टीन यांच्या संकरांतून ‘फुले त्रिवेणी’ ही दुधाळ गाय तयार झाली. दुधाच्या पैशावर अनेक घरांतील मुलें शिकलीं, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. खाचरांत यंत्रें आलीं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसर १९८६ सालीं अभयारण्य झाला व चराईवर बंधनें आलीं. २०२२ सालीं लंपी रोगाच्या सांथीमुळें राज्यांत जनावरांचे बाजार आणि प्रदर्शनेंही बंद ठेवावीं लागलीं.

या पालटाचा हिशोब सोपा आहे. घरांत एकच डांगी गाय उरली आणि तिच्या वंशांत प्रत्येक पिढीस परदेशी वळूचें रेतन केलें, असें समजूं. तिच्या लेकींत डांगी रक्त आठ आणे, नातींत चार आणे, पणतींत दोन आणे. आजोबांनीं जन्मभर खपून राखलेला रुपया नातवाच्या हयातींतच दोन आण्यांवर येतो. आणि शुद्ध वळू गांवांत नसला तर तो पुन्हां भरून काढतां येत नाहीं.

सपाटीवरील बागायतींत संकरित गाय शोभते. सह्याद्रीच्या पावसांत डांगीच हवी. तिथला शुद्ध वंश राखावयाचा तर तो ओळखतां आला पाहिजे. हल्लीं जनावराच्या कानांत बारा आंकडी बिल्ला असतो. त्या क्रमांकावरून जनावर ओळखतें. परंतु त्याची आई कोण, आजी कोण, हें सांगणारा माणूस लागतोच, आणि तीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत.

दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते. त्या दिवशीं अकोल्याच्या डोंगरांत गुरें सुखरूप राहावीं म्हणून वाघोबाची पूजा होते, आणि पुण्या-मुंबईस गेलेलीं नातवंडेंही सणासाठीं घरीं परततात. त्या चार दिवसांत म्हाताऱ्यांजवळ बसून गाईंचीं नांवें, त्यांचे गोऱ्हे आणि ते कोणत्या गांवीं गेले, एवढें एका वहींत उतरून घेतलें, तर आजोबांची आठवण त्यांच्या गोधनाच्याही उपयोगी पडेल.