मनमोहन सिंग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भारताचे माजी पंतप्रधान मनमोहन सिंग (१९३२–२०२४) हे जागतिक बँकेचे माणूस होते आणि अर्थमंत्री म्हणून १९९१ चे आर्थिक उदारीकरणाचे धोरण त्यांनी तिथूनच आणले, हा त्यांच्याविषयीचा सर्वांत चिवट गैरसमज आहे. त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेत, म्हणजे ‘अंक्टाड’मध्ये, १९६६ ते १९६९ या काळात काम केले. पुढे १९८७ ते १९९० या काळात ते जिनिव्हातील ‘साउथ कमिशन’चे महासचिव होते. या आयोगाचे अध्यक्ष टांझानियाचे ज्युलियस न्येरेरे होते. या दोन्ही संस्था गरीब देशांची बाजू मांडणाऱ्या होत्या. खुल्या व्यापाराचा विचार मात्र सिंग यांच्या मनात फार आधीपासून होता. भारताची निर्यात वाढूच शकत नाही, असे धोरणकर्ते धरून चालले होते. त्या काळात ऑक्सफर्डच्या आपल्या प्रबंधात (१९६२) त्यांनी या गृहीतकालाच आव्हान दिले. १९९१ मध्ये जे घडले, त्याचे एक मूळ या प्रबंधात आहे, आणि त्यांच्या कारकिर्दीची चर्चा करताना नेमके हेच वगळले जाते.

ते आयएएस अधिकारी होते, असेही अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते प्राध्यापक होते. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून ते १९७१ मध्ये व्यापार मंत्रालयात आर्थिक सल्लागार म्हणून आले. त्यानंतर मुख्य आर्थिक सल्लागार, सचिव, मुंबईत रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर (१९८२–८५) आणि नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष अशी पदे त्यांनी सांभाळली. उद्योगांवरील परवाना पद्धतीच्या काळातील सरकारी यंत्रणा त्यांनी दीड दशकाहून अधिक काळ आतून पाहिली होती.

१९९१ च्या परकीय चलन संकटात देशाचे सोने गहाण टाकण्याचे खापर एकट्या त्यांच्यावर फोडले जाते. परकीय चलनाचा साठा जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरता उरला होता. म्हणून २० टन सोने मे १९९१ मध्येच, चंद्रशेखर सरकारच्या काळात, पुन्हा खरेदी करण्याच्या अटीवर स्विस बँकेला विकले गेले. रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने जुलैमध्ये तारण ठेवले गेले, तेव्हा सिंग अर्थमंत्री होते. त्याच महिन्यात दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन झाले. १९९१ च्या आर्थिक सुधारणा त्यांनी एकट्याने केल्या, असे मानणेही तितकेच चुकीचे. उद्योग खाते पंतप्रधान नरसिंह राव यांच्याकडेच होते. २४ जुलैचे औद्योगिक धोरण त्याच खात्याचे होते आणि त्याने १८ उद्योग वगळता बाकी उद्योगांची परवानासक्ती उठवली. अर्थसंकल्पही त्याच दिवशी मांडला गेला. रावांच्या राजकीय पाठबळाविना हा बदल अशक्य होता.

लोकसभेवर निवडून न आलेला पंतप्रधान घटनेला मान्य नाही, हा समजही खरा नाही. सिंग १९९९ मध्ये दक्षिण दिल्लीतून पराभूत झाले आणि लोकसभेवर कधीच गेले नाहीत. पण मंत्री, पंतप्रधानासह, संसदेच्या कोणत्याही सभागृहाचा सदस्य असला तरी चालतो. १९६६ मध्ये पंतप्रधान झालेल्या इंदिरा गांधीही त्या वेळी राज्यसभेतच होत्या. आसाममधून राज्यसभेवर गेलेल्या सिंग यांनी २००४ ते २०१४ अशी सलग दहा वर्षे पंतप्रधानपद सांभाळले.