पंधरवड्याचे मिशनरी

२००७ साली गुजरातेतील अलंगच्या किनाऱ्यावर 'अनास्तासिस' नावाची एक वृद्ध बोट मोडीत निघाली. १९५३ पासून लॉइड ट्रिएस्टिनो या इटालियन कंपनीची 'व्हिक्टोरिया' म्हणून ती पूर्वेकडील समुद्रांत फिरत असे, आणि तिच्या आरंभीच्या मार्गावर मुंबई हे एक बंदर होते. १९७८ मध्ये 'यूथ विथ अ मिशन' या ख्रिस्ती संघटनेने ती विकत घेतली आणि तिचे तरंगते रुग्णालय केले. फाटलेले ओठ, मोतीबिंदू, चेहऱ्यावरील गाठी यांच्या शस्त्रक्रियांसाठी आफ्रिकेच्या बंदरांतून या बोटीची वाट पाहिली जाई. तिच्यावर काम करणारे डॉक्टर, परिचारिका, खलाशी आणि स्वयंपाकी पगार तर घेत नसतच, उलट आपला खर्च आपणच भरीत. त्यांतील पुष्कळजण दोन-चार आठवड्यांसाठी येत आणि घरी परतत.

थोड्या दिवसांसाठी जाऊन परत येणारा मिशनरी ही कल्पनाच जुन्या पिढीतील धर्मोपदेशकांना चमत्कारिक वाटली असती. ती रुजविण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते लॉरेन कनिंगहॅम २०२३ मध्ये निवर्तले. १९५६ मध्ये, विशीतला हा अमेरिकन तरुण बहामा बेटांवर गेला असता, जगातील सर्व किनाऱ्यांवर लाटांसारखे जाणारे तरुण त्याला दिसले, अशी त्याची श्रद्धा होती. १९६० मध्ये संघटना स्थापन झाली. धर्मशास्त्राची पदवी नसलेल्या, नुकत्याच शाळा सोडलेल्या मुलामुलींना परदेशी धाडावे, हा विचार 'असेंब्लीज ऑफ गॉड' या त्यांच्या मूळ संप्रदायातील वडीलधाऱ्यांना मानवला नाही. तेव्हा कनिंगहॅम संप्रदायाच्या चौकटीबाहेर पडले. १९६४ च्या उन्हाळ्यात १४६ तरुण कॅरिबियन बेटांवर गेले. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या वेळी सुमारे हजार जमले. आज ही संघटना शंभराहून अधिक देशांत काम करते. त्याच सुमारास जॉर्ज व्हर्वर नावाचा दुसरा विद्यार्थी १९५७ मध्ये दोन मित्रांसह मेक्सिकोला पुस्तके वाटावयास गेला, आणि त्यातून 'ऑपरेशन मोबिलायझेशन' उभे राहिले. १९१४ मध्ये बांधलेली 'डुलोस' ही बोट याच संस्थेने तीन दशके ग्रंथ विकीत जगभर फिरविली.

या वाढीचे श्रेय केवळ श्रद्धेला देणे भाबडेपणाचे होईल. १९५८ मध्ये जेट विमानाने अटलांटिक काही तासांवर आणला. १९६१ मध्ये केनेडींनी 'पीस कोअर' काढून परदेशी सेवा ही तरुणांची आकांक्षा केली. आणि सुबत्तेत वाढलेल्या पिढीजवळ उन्हाळ्याची सुटी होती. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांच्या २००९ मधील ग्रंथातील अंदाजानुसार, अमेरिकेतील सुमारे १६ लक्ष चर्चसदस्य दरवर्षी अशा परदेशी फेऱ्यांवर जात होते. एका पिढीत एवढा विस्तार पावलेले दुसरे धर्मकार्य सांगणे कठीण.

महाराष्ट्राला मिशनरी ठाऊक आहे तो निराळा. गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईस आले, मराठी शिकले, नव्या कराराच्या मराठी भाषांतरासाठी खपले आणि १८२६ मध्ये नाशिककडील दौऱ्यावर पटकीने गेले. सिंथिया फरार १८२७ मध्ये आल्या. मुलींना शिकविता शिकविता १८६२ मध्ये त्या वेळच्या अहमदनगरातच त्यांनी देह ठेवला. मिरजेच्या रुग्णालयाचे डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले ते १९२८ पर्यंत राहिले. या मंडळींच्या धर्मांतराच्या उद्योगावर मराठी समाजाने कडाडून टीका केली, आणि ती अस्थानी नव्हती. परंतु टीकाकाराला उत्तर मिळे ते मराठीतून, आणि उत्तर देणारा पुढल्या वर्षीही तेथेच असे. पंधरवड्याच्या पाहुण्याशी वाद घालावयाचा तर तो तोवर विमानात बसलेला असतो.

ही उणीव बाहेरच्यांनी प्रथम दाखविली असे नव्हे. १९६८ च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोतील कुएर्नाव्हाका येथे इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूने, सेवेसाठी आलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितले की तुमचा हेतू चांगला असेलही, पण पर्यटक म्हणून या, शिकावयास या, मदत करावयास येऊ नका. पाहुण्यांच्या मेळाव्यात असे बोलणे शिष्टाचारास धरून नव्हते. खरे मात्र होते. पुढे होंडुरासमध्ये त्याला आकड्यांचा आधार मिळाला. १९९८ च्या मिच वादळानंतर तेथे अमेरिकी पथकांनी घरे बांधली. कर्ट व्हर बीक या अभ्यासकाने हिशेब मांडला तेव्हा प्रवासखर्च धरून एका घरामागे सुमारे ३० हजार डॉलर पडले होते. तसेच घर स्थानिक संस्था सुमारे २ हजारांत उभारीत होत्या. ज्यांना घरे मिळाली त्यांच्या जीवनात, घर कोणी बांधले यावरून फारसा फरक आढळला नाही. आणि परतलेल्या स्वयंसेवकांचे जीवन पालटते, ते पुढे अधिक दान देतात, हा जो नेहमीचा युक्तिवाद, तोही तपासणीत फारसा टिकला नाही. ज्या गावातील गवंडी वादळाने बेकार झाले होते, तेथे महाविद्यालयीन मुलांनी विटा रचाव्यात, यातील विसंगती सांगण्यास खरे तर हिशेबाचीही गरज नव्हती.

पैशाची नासाडी हे त्यातल्या त्यात सौम्य नुकसान. जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर हैतीतून ३३ मुलांना सरहद्दीपलीकडे नेऊ पाहणारे दहा अमेरिकन बाप्टिस्ट पकडले गेले. त्यांतील पुष्कळ मुलांचे आईबाप जिवंत होते. जुलै २००७ मध्ये अफगाणिस्तानात गझनीच्या रस्त्यावर २३ दक्षिण कोरियन स्वयंसेवकांना तालिबानने ओलीस धरले, त्यांतील दोघांची हत्या झाली. उरलेल्यांना सोडविण्यासाठी कोरियन सरकारला तालिबानशी समोरासमोर बसून बोलणी करावी लागली, आणि अफगाणिस्तानातील मिशनरी कार्य बंद करण्याचे वचन द्यावे लागले. भाषा, कायदा आणि शेजार ज्याला ठाऊक नाही त्याचे धाडस इतरांना महाग पडते. भारतात तर मिशनरी कार्यासाठी स्वतंत्र व्हिसा आहे. पर्यटकाचा व्हिसा घेऊन प्रचार करणारा पाहुणा कायदा मोडतो, आणि त्याच्या पश्चात पोलिसांच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागते ते त्याला बोलावणाऱ्या गरीब स्थानिक मंडळीला.

चळवळीतील विचारी माणसांना हे कळत नाही असे नाही. २००३ मध्ये अमेरिकेत अशा फेऱ्यांसाठी सात कसोट्या ठरविण्यात आल्या. पण त्या पाळणे ऐच्छिक आहे. बोटीवरील डॉक्टरांची गोष्ट मात्र या सगळ्यात वेगळी राहते. मोतीबिंदू काढणाऱ्याजवळ जे कौशल्य असते ते त्या बंदरात बहुधा उपलब्ध नसते. त्याच्या येण्याने कोणा गवंड्याचा रोजगार जात नाही. रोग्याची भाषा त्याला येत नसली तरी दुभाष्यावर काम निभावते. तरीही शस्त्रक्रियेनंतरची पट्टी पंधरा दिवसांत सुटत नाही, म्हणून बोटीला बंदरात महिनोन्महिने नांगर टाकून थांबावे लागे, आणि कोणीतरी कायमचे असावे लागे. १९८० च्या दशकात गॅरी पार्कर नावाचे अमेरिकन शल्यविशारद 'अनास्तासिस'वर काही महिन्यांसाठी म्हणून चढले. तीन दशके उलटून गेल्यावरही ते त्याच कामावर होते. त्यांचे लग्न बोटीवरील सहकारिणीशी झाले आणि मुले बोटीवरच वाढली.